नऊ नावांचं मस्टर

जानेवारी आणि जुलै हे दोन महिने आमच्या ऑफिसात हिरव्या शाईचे. सरकारनं किमान वेतनातल्या विशेष भत्त्याचा नवा आकडा जाहीर केला की तो मी प्रत्येक मस्टरच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला हिरव्या पेनानं लिहून ठेवायची. खाली तीन ओळी: कुशल, अर्धकुशल, अकुशल. मूळ वेतन अधिक विशेष भत्ता, भागिले सव्वीस, म्हणजे एका दिवसाची मजुरी. उल्हासनगर कॅम्प ४मध्ये, लालचक्कीपासून दोन मिनिटांवरच्या एका हिशेबनिसाच्या ऑफिसात मी १९८७ पासून तेहतीस वर्षं हे काम केलं. जीन्स शिवणारे, प्लॅस्टिकची बटणं पाडणारे, पापडवाले, खुर्च्या-टेबलं करणारे, अशा पन्नासेक लहान कारखान्यांची मस्टरं माझ्या हातची.

त्या मस्टरांमध्ये बहुतेक ठिकाणी नऊ नावं असत. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा माणसं झाली की तेव्हा कारखान्यांचा कायदा लागू व्हायचा आणि वीस झाली की प्रॉव्हिडंट फंड. म्हणून नऊ. कारखाना मोठा असेल तर एकाच छताखाली तीन गाळे, तीन नावं, तीन गुमास्ता लायसन्स आणि नऊ-नऊ माणसांची तीन मस्टरं. किमान वेतनाच्या कायद्याला मात्र अशी संख्येची अट नव्हती. एक माणूस कामाला असला तरी तो लागू. त्यामुळे त्या नऊ नावांसमोर मला पूर्ण सरकारी दर लिहावा लागे, पैशापर्यंत बरोबर. शेवटच्या रकान्यात रेव्हेन्यू तिकीट, त्यावर सही नाहीतर अंगठा.

पहिली दोन वर्षं मला वाटत होतं की मी लोकांचा पगार लिहिते आहे. १९८९ च्या पावसाळ्यात एका जीन्सच्या गाळ्यावर मस्टर घेऊन सह्यांसाठी गेले. खाली ओव्हरलॉकची दोन आणि शिलाईची चौदा मशिनं चालू. पोटमाळ्यावर कापडाच्या तागांमध्ये पाच-सहा मुलं झोपलेली, रात्रपाळीची. माझ्या नऊ नावांपैकी तिथं दोन माणसं होती. एक कटिंग मास्टर, एक सेठचा भाचा. बाकीची सात नावं कुणाची, हे मी विचारलं नाही. सह्या दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आल्या. मी तिकिटं लावली आणि फाईल बंद केली. त्या सात नावांखाली माझं अक्षर आहे. जे पुढं सांगणार आहे ते त्या अक्षराचा हिशेब म्हणून सांगते आहे.

आमचं गावच मुळी बाहेरून आलेल्यांचं. दुसऱ्या महायुद्धात इथं लष्कराचा कल्याण कॅम्प होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेली नव्वद हजारांहून जास्त माणसं त्या बराकींमध्ये उतरवली गेली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी वसाहतीचं नाव उल्हासनगर ठेवलं. आजही इथल्या पत्त्यात बॅरेक नंबर असतो. हातात भांडवल नसलेली ही माणसं घरात पापड लाटून, लोकलच्या डब्यात गोळ्या विकून, बराकीच्या व्हरांड्यात एक मशीन टाकून उभी राहिली. घरातल्या सगळ्यांनी मिळून काम करायचं आणि मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, ही इथल्या धंद्याची पहिली सवय. ती सवय निर्वासिताच्या घरात कष्टाची होती. तीस वर्षांनी तोच गाळा परक्या मुलांना घेऊन चालू लागला तेव्हाही ती सवय तशीच राहिली.

आम्ही आलो १९७३ मध्ये, मेहकरकडून. बहात्तरच्या दुष्काळात माय आणि वडील दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. मला आठवते ती सुकडीची चव आणि मिलोच्या लाल भाकरीचा वास. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या मूळ यादीत दगड फोडण्याचं काम होतं हे मला खूप नंतर, ऑफिसातल्या जुन्या पुस्तकात दिसलं. बिडी, चहाचे मळे, तेलगिरण्या, भात-गिरण्या, कातडी कमावणं, रस्ते-इमारती आणि दगड फोडणं. मायच्या हाताला घट्टे पडले ते काम त्या कायद्यात पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. दुष्काळी कामावर किमान वेतनापेक्षा कमी देणं ही घटनेच्या २३व्या कलमाखालची वेठबिगार आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानच्या एका रस्त्याच्या कामावरून सांगितलं ते १९८३ मध्ये. माय तोवर कॅम्प ४मध्ये जीन्सचे धागे काढत होती.

किमान वेतन कायद्याचं विधेयक केंद्रीय कायदेमंडळात ११ एप्रिल १९४६ ला मांडलं ते बाबासाहेबांनी, मजूरमंत्री असताना. आमच्या वस्तीत, सुभाष टेकडीवर, १४ एप्रिलला जी गर्दी होते तिला मी हे दर वर्षी सांगते. पुतळ्याला हार घालणाऱ्या कितीतरी बाया त्याच दिवशी संध्याकाळी घरी जाऊन नगावर धागे काढतात, आणि त्यांचा दर ठरवण्याचा कायदा कुणी आणला हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

धागे काढायचं काम असं. शिवून झालेल्या पँटी डझनाच्या गठ्ठ्यात घरी येतात. शिवणीच्या टोकांना लोंबणारे दोरे बारक्या कात्रीनं कापायचे, खिशाच्या कोपऱ्यात, चेनच्या खाली, लूपच्या आत. निळा रंग बोटांच्या पेरांत बसतो आणि भाकरी थापताना पिठात उतरतो. मायला डझनाला सव्वा रुपया मिळायचा तेव्हा मी सातवीत होते. शाळेतून आले की मी पण बसायची. हे काम करणाऱ्या बाईचं नाव मी तेहतीस वर्षांत एकाही मस्टरवर लिहिलं नाही. कायद्यात सोय होती. नगावर काम असेल आणि नगाचा दर ठरलेला नसेल तर दिवसाचं किमान वेतन तरी पडलंच पाहिजे, असं सतरावं कलम सांगायचं. पण घरात बसलेल्या बाईचा दिवस मोजायचा कुणी?

वडिलांना अंबरनाथला काम मिळालं, एका रसायनांच्या कारखान्यात, ठेकेदाराकडून पोती उचलण्याचं. अंबरनाथ तेव्हा मोठ्या कारखान्यांचं गाव. स्वीडिश कंपनीनं काढलेली विमकोची काडेपेटी, धरमसी मोरारजीचं रसायन, १९५३ ची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. पलीकडे शहाडला सेंच्युरी रेयॉन. या कारखान्यांच्या पक्क्या कामगाराला किमान वेतन हा शब्दच लागत नव्हता. त्याचा पगार युनियनच्या करारानं ठरायचा आणि तो सरकारी दराच्या पुष्कळ वर असायचा. वडील ज्या गेटातून आत जायचे तिथं दोन रांगा लागत. एका रांगेत खाकी गणवेश आणि हातात बिल्ला. दुसऱ्या रांगेत ठेकेदाराची माणसं, मुकादमाच्या वहीत टिक करून जाणारी. ठेकेदारी कामगारांचा कायदा १९७० मध्ये झाला होता. वडील त्या दुसऱ्या रांगेत एकोणीस वर्षं उभे राहिले.

पहिल्या रांगेत कोण होतं हे मला महत्त्वाचं वाटतं. कोकणातले, घाटावरचे, काही केरळचे, काही सिंधी, काही थेट उत्तर प्रदेशातले. बाहेरचे सगळेच. पण पगार पुरेसा होता म्हणून त्यांनी बायकापोरं आणली, बदलापुरात चाळीत खोल्या घेतल्या, मुलं शाळेत घातली आणि एका पिढीत ती इथली झाली. ज्याचा पगार पुरतो त्याला परप्रांतीय राहावं लागत नाही. माझ्या वर्गातली गोरखपूरची मुलगी माझ्यापेक्षा शुद्ध मराठी लिहायची. तिचे वडील कायम कामगार होते.

मग ते कारखाने आटले. काडेपेटीचं उदाहरण घ्या. यंत्रावर बनलेल्या पेटीला अबकारी कर जास्त आणि हातानं भरलेल्या पेटीला कमी, असं सरकारी धोरण कित्येक वर्षं होतं. हेतू चांगला होता, लहान धंदा जगावा. पण काम अंबरनाथच्या युनियनवाल्या शेडमधून शिवकाशीच्या घराघरांत गेलं, जिथं लहान मुलं काड्या भरत होती. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि कापडाचं काम भिवंडीच्या मागांकडे वळलं. याच दशकात कॅम्प ४ आणि ५मध्ये जीन्सचं काम वाढत गेलं. म्हणजे मजुरी देणारं काम संपत होतं आणि मजुरी लिहिणारं काम वाढत होतं. माझी नोकरी त्या वाढीतूनच आली.

सेठ लोकांकडून मी एक वाक्य शेकडो वेळा ऐकलं, की सरकारी दर वाढला की माणूस परवडत नाही, मग बाहेरचा आणावा लागतो. हे वाक्य मी स्वतःही बरीच वर्षं खरं मानलं. नंतर १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेचा ठराव वाचला आणि बोटावर हिशेब केला तेव्हा वेगळं दिसलं.

किमान वेतन कसं मोजायचं हे त्या परिषदेनं ठरवलं. कमावणारा एक घटक, बायको ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६. एकूण तीन घटकांचं पोट. घटकामागे २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती व इतर खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. पुढे १९९१ मध्ये रेप्टाकोस ब्रेटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितलं. म्हणजे सरकारी दर हा एका माणसाचा दर नाही. तो एका बिऱ्हाडाचा दर आहे.

आता पोटमाळ्यावर झोपलेला मुलगा बघा. तो सिद्धार्थनगर किंवा गोंड्याहून कुशीनगर एक्स्प्रेसनं येतो, कल्याणला उतरतो, गाववाल्याचा हात धरून कॅम्पात पोचतो. गाळ्यातच झोपतो, म्हणून भाडं नाही. दहा जण मिळून एक भांडं शिजवतात. बायको, मुलं, आई गावाकडे, तिथल्या दीड बिघ्यावर. तीन घटकांतला एकच घटक उल्हासनगरात जेवतो. उरलेले दोन घटक ते शेत पोसतं, आजारपणही तेच काढतं, म्हातारपणही. सेठला एका घटकाच्या पैशात अख्खा माणूस मिळतो. माझ्या वस्तीतला मुलगा त्या पैशात येऊ शकत नाही, कारण त्याचे तिन्ही घटक सुभाष टेकडीवरच असतात. आळशी म्हणून तो येत नाही असं जे म्हणतात त्यांनी ही बेरीज एकदा करून बघावी.

दर वाढल्यामुळे बाहेरचा माणूस आला, असं यात कुठं येतं? दर दिलाच गेला नाही म्हणून तो आला. दर खरोखर दिला असता तर गोंड्याचा मुलगाही आला असता आणि टेकडीवरचाही, आणि गोंड्याच्या मुलानं दोन वर्षांत बायको आणली असती.

माझी भाची अर्थशास्त्र शिकली. तिनं मला डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रुगर यांचं काम समजावून सांगितलं. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यानं एप्रिल १९९२ मध्ये तासाचं किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियानं केलं नाही. दोघांनी सीमेच्या दोन्ही बाजूंची खाण्याची दुकानं तपासली. वेतन वाढलं तिथं माणसं कमी झाली नव्हती. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. ऐकताना मला आमची सीमा आठवली. उल्हासनगर १९९६ पासून महापालिका, म्हणजे किमान वेतनाच्या दरांसाठी परिमंडळ १. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदा, म्हणजे परिमंडळ २. दुकानं आणि व्यापारी संस्थांचे दर जुलै २०१९ मध्ये बदलले तेव्हा अकुशल कामगाराचं मूळ वेतन इकडे १०,०२१ आणि तिकडे ९,४२५. कॅम्प ५ संपतो आणि अंबरनाथ लागतं त्या रस्त्यावर महिन्याला ५९६ रुपयांचा फरक. जीन्सच्या धंद्याची अधिसूचना वेगळी, पण परिमंडळांची पद्धत तीच. त्या ५९६ रुपयांसाठी एकही गाळा कॅम्प ५मधून उठून अंबरनाथला गेलेला मी पाहिला नाही. भाचीला मी म्हटलं, तुझ्या न्यू जर्सीत दर हातात पडत होता. इथं तो मस्टरच्या पुठ्ठ्यावर राहत होता. त्यामुळे इथं तसा अभ्यास करायचा तर आधी पुठ्ठा सोडून पोटमाळ्यावर चढावं लागेल.

एक गोष्ट मात्र सेठच्या बाजूनं सांगायला हवी, कारण ती खरी आहे. नगावर शिवणारा चांगला कारीगर हंगामात सरकारी दरापेक्षा जास्त पैसे उचलतो. दिवाळी-ईदच्या आधी तो चौदा-पंधरा तास बसतो आणि महिन्याचा आकडा मोठा दिसतो. तो स्वतःही अभिमानानं सांगतो. आठ तासांवर भागलं की तो आकडा दराच्या खाली जातो, पण चौदा तासांची हजेरी कुठंच नसते. आणि त्याच्या शेजारी बसलेला हेल्पर, गठ्ठे बांधणारा, बटण लावणारा, त्याला हंगामातही तो दर दिसत नाही. दर आठवड्याला खर्ची, म्हणजे थोडी उचल, मिळते, हिशेब गावी जाताना होतो. मधल्या काळात सेठकडे त्याचे पैसे बिनव्याजी पडून असतात. सेठही बहुतेक वेळा दुसऱ्याच्या ऑर्डरवर शिवणारा असतो, त्याचे पैसे मुंबईच्या व्यापाऱ्याकडे अडकलेले. मी त्याला राक्षस म्हणणार नाही. त्याची वही मी पाहिली आहे.

कायदा मोडला तर काय व्हायचं? १९४८ च्या कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड. शेवटपर्यंत पाचशेच. कामगाराला फरकाच्या दहापट भरपाई मागता येत होती, पण अर्ज सहा महिन्यांत करायचा. कारीगर पेरणीला गावी गेला, परत आला, दुसऱ्या गाळ्यावर बसला, की मुदत गेली. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा त्याच्यासाठीच होता असं वाटेल. प्रवासभत्ता, महिन्याच्या पगाराच्या निम्मा विस्थापन भत्ता, सगळं त्यात होतं. पण तो ठेकेदारानं आणलेल्या माणसांना लागू. आमचा कारीगर गाववाल्याच्या फोनवर स्वतः तिकीट काढून येतो. त्या कायद्याच्या नजरेत तो आलाच नव्हता.

२००८ मध्ये परप्रांतीयांविरुद्ध आंदोलनं झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारनं उद्योगांत ८० टक्के स्थानिक घेण्याचा निर्णय पुन्हा काढला. आमच्या टेकडीवरची पोरं गाळे बंद करायला निघाली तेव्हा मी त्यातल्या एकाला थांबवलं. तो माझ्या शेजारणीचा मुलगा. त्याला म्हटलं, आत जाऊन नाव विचारू नकोस, दर विचार. तो गेला आणि नावच विचारून आला. चार दिवस मशिनं बंद होती. पाचव्या दिवशी तीच मुलं, तोच दर.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. २९ तारखेच्या आदेशात केंद्रानं मालकांना सांगितलं की या काळातही पगार द्या. ऑफिसात फोन येऊ लागले, कोणाला द्यायचा? मी मस्टर काढलं. नऊ नावं. त्या गाळ्यात तेव्हा एकतीस माणसं अडकली होती. मे महिना लागला तेव्हा भिवंडीहून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटल्याचं कळलं आणि आमच्याकडची माणसंही निघाली, काही ट्रकमधून, काही चालत. कटिंग मास्टरचा कसाऱ्याच्या पुढून फोन आला. “मॅडम, मेरा नाम तो है न रजिस्टर में?” त्याचं होतं. त्याच्या बरोबरच्या सहा जणांचं नव्हतं. ते सहा जण त्याच्या शेजारीच उभे राहून ऐकत होते. पुढे १७ मेला तो पगाराचा आदेशही मागे गेला. त्याच वर्षी मी नोकरी सोडली.

१९४८ चा कायदा आता वेतन संहितेत विरला आहे. ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. यादीत असो नसो, प्रत्येक कामाला किमान वेतन. दंड ५०,००० पर्यंत. आणि मला सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट म्हणजे दाव्याची मुदत सहा महिन्यांवरून तीन वर्षं झाली. तीन वर्षांत माणूस दोनदा गावी जाऊन येऊ शकतो.

दर रविवारी माझ्या खोलीत चार-पाच जण असा हिशेब मांडायला येतात. सध्या एक सिद्धार्थनगरचा आहे, ओव्हरलॉक चालवणारा. त्याचं नाव कुठल्याच मस्टरवर नाही. पण त्यानं खिशातली एक लाल डायरी जपून ठेवली आहे. रोजचे नग, दर आठवड्याची खर्ची, आणि खर्चीसमोर पैसे देणाऱ्याची बारीक सही. पहिल्या पानावर नगाचे दर, शेवटच्या पानावर बायकोचा नंबर. मी त्याला नग वाचायला सांगते आणि समोरच्या कागदावर दिवस, तास, दर मांडत जाते. त्याचे आकडे आणि माझे रकाने जुळायला वेळ लागतो. काल रात्री आम्ही ऑगस्टपर्यंत आलो.